डोळा काढला, मग ‘डोळा बसवला’ म्हणजे नेमकं काय बसवलं?

दिवाळीत निफाडला मावसभावाकडे गेलो होतो. ओट्यावर जो येईल तो दादाला एकच विचारायचा, डोळा काढला म्हणे तुझा, मग दुसरा बसवला का? दादा म्हणायचा हो बसवला. मग दिसतं का त्यातून? नाही. मग बसवला कशाला? इथे दादा गप्प व्हायचा, आणि मावशी आतून चहा आणायच्या निमित्ताने विषय बदलायची.

मी डॉक्टर नाहीये, पण त्या सगळ्या महिन्यांत दादासोबत निफाड-नाशिक चकरा मारल्या, बाकावर तासन् तास बसलो, आणि डॉक्टर, सिस्टर, डोळा बनवणारा माणूस सगळ्यांना विचारून विचारून जे कळलं, वाचून पडताळलं, ते इथे लिहितोय. कारण ऑपरेशनच्या आधीच्या रात्री हे सगळं आम्हाला कुणी सोप्या भाषेत सांगितलं असतं तर मावशी रात्रभर जागी राहिली नसती असं मला मनापासून वाटतं.

आधी डोळा किती मोठा असतो ते बघू

एक्स्पोर्टच्या द्राक्षाला १८ मिलिमीटरच्या पुढचा मणी बघतात ना, डोळा त्याहून मोठा, साधारण २४ मिलिमीटरचा गोळा. त्यात मावतं किती तर ७ मिलीच्या आसपास, म्हणजे औषधाचे दीड चमचे. हा गोळा ज्या हाडाच्या खोबणीत बसलेला असतो ती मात्र साधारण ३० मिलीची. मग उरलेल्या जागेत काय? चरबी, रक्तवाहिन्या, नसा, आणि डोळा फिरवणारे सहा स्नायू. मागून एक जाड नस मेंदूकडे जाते, तिच्यात दहा लाखाच्या वर बारीक तंतू असतात, आणि दिसणं जे काही आहे ते सगळं त्या नसेतून जातं. ही नस लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

‘डोळा काढला’ हे तीन वेगळ्या ऑपरेशनना म्हणतात

घरातली उशी डोळ्यासमोर आणा. उशीतला कापूस काढून घेतला आणि अभ्रा तसाच ठेवला, हे पहिलं ऑपरेशन, एव्हिसरेशन. यात डोळ्याचा बाहेरचा पांढरा जाड थर राहतो, त्याला चिकटलेले स्नायू जागच्या जागी राहतात, फक्त आतलं साफ करतात. अभ्र्यासकट अख्खी उशी उचलली की दुसरं, एन्युक्लिएशन. यात सहाही स्नायू सोडवतात, मागची नस कापतात आणि पूर्ण गोळा बाहेर काढतात. आणि तिसरं म्हणजे उशीबरोबर खालची गादीही गेली, एक्झेंटरेशन, यात खोबणीतली चरबी, स्नायू, कधी कधी पापण्यासुद्धा काढाव्या लागतात. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर काळी बुरशी आली तेव्हा नाशकातही हा आजार घराघरात माहीत झाला, त्यात काही पेशंटचा जीव वाचवायला हे तिसरं ऑपरेशन करावं लागत होतं. त्यामुळे लोकांच्या डोक्यात ‘डोळा काढणे’ म्हटलं की तेच भयंकर चित्र बसलंय. पहिली दोन त्या मानाने फार वेगळी आहेत. पुढे मी त्यांना ‘आतलं काढणं’ आणि ‘अख्खा काढणं’ एवढंच म्हणेन.

कुठलं करायचं हे कशावर ठरतं? डोळ्यात गाठ असली किंवा नुसती शंका जरी असली तरी आतलं काढणं चालत नाही, अख्खाच काढतात, कारण अभ्रा फाडला की कॅन्सरच्या पेशी बाहेर सांडायची भीती. म्हणून आतलं काहीच दिसत नसलेल्या डोळ्याची आधी सोनोग्राफी करून मागे गाठ नाही ना हे बघतात. काढलेलं सगळं तपासणीला लॅबमध्ये पाठवतात. तो रिपोर्ट घ्यायला विसरू नका, आम्ही विसरलो होतो, परत एक चक्कर झाली.

दादाचं काय झालं

द्राक्षबागेत गेल्या वर्षीची गोडी छाटणी चालू होती, ओढलेली काडी सुटली आणि सपकन डोळ्यावर बसली. नळाच्या पाण्याने डोळा धुतला, परत कामाला लागला. संध्याकाळी लाल झाला म्हणून मेडिकलमधून थेंब आणले, दोन दिवस बरं वाटलं. आठव्या दिवशी बुबुळावर फूल पडलं, पांढरा ठिपका, आणि उजेडाकडे बघवेना.

ते थेंब स्टिरॉइडचे होते. झाडाची काडी, पात, काटा, भुसा लागून डोळ्याला जखम झाली की त्यातून बुरशी जाऊ शकते, आणि स्टिरॉइड लाली दाबतं, ठणका दाबतं, पण बुरशीला रान मोकळं करून देतं. वरून छान वाटतं आणि आत बुबुळ झिजत जातं. दादाचं बुबुळ शेवटी फुटलं. औषधांनी बुरशी आटोक्यात आली पण तोपर्यंत नजर पूर्ण गेली होती, बॅटरी मारली तरी उजेड कळत नव्हता, आणि ठणका असा की माणूस भिंतीला डोकं लावून बसायचा. मग आतलं काढायचं ठरलं.

आपल्या भागात कारणं अशीच, रोजच्या कामातली असतात. छाटणीची काडी, मांडवाची तार, सातपूर-अंबडला ग्राइंडरवर उडालेला लोखंडाचा कण, फटाका, येवल्याकडे संक्रांतीचा मांजा. शिवाय काचबिंदू हाताबाहेर जाऊन आंधळा झालेला आणि सतत दुखणारा डोळा, आक्रसून लहान झालेला डोळा, आणि लहान मुलांमधला डोळ्याचा कॅन्सर.

“दिसत नाही ना, मग राहू दे की तसाच”

हा प्रश्न आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा आला. आणि खरंय, आंधळा डोळा दुखत नसेल, गाठ नसेल, जंतू नसतील तर कित्येकदा तो राहू देतात, त्यावरच पातळ नकली डोळा बसवता येतो. कुणी डॉक्टर उगाच डोळा काढत नाही. पण आंधळा डोळा दुखत असेल तर ते दुखणं माणसाला झोपू देत नाही, आणि ते थांबवायचा हा खात्रीचा मार्ग आहे. दादा ऑपरेशननंतर चौथ्या रात्री सलग झोपला, कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा.

दुसरं कारण जरा चमत्कारिक वाटेल. डोळ्याचं आतलं सामान शरीराच्या संरक्षण यंत्रणेपासून जवळजवळ लपलेलं असतं. मोठी जखम होऊन ते उघडं पडलं की क्वचित असं होतं की शरीराला ते परकं वाटतं, घरातल्याच माणसाला चोर समजून मारावं तसं शरीर त्यावर तुटून पडतं, आणि मग दुसऱ्या, धडधाकट डोळ्यातही तेच सामान असल्यामुळे तोही सापडतो. ब्रेल लिपी शोधणारे लुई ब्रेल तीन वर्षांचे असताना वडिलांच्या कातडी सामानाच्या दुकानात त्यांच्या एका डोळ्याला टोच्या लागला आणि पुढे दुसराही डोळा गेला, तो असाच गेला असावा असं बरेच डॉक्टर मानतात. आज हे फार कमी होतं आणि त्यावर औषधंही आहेत, पण पूर्ण फुटलेला, काहीच आशा नसलेला डोळा दोन आठवड्यांच्या आत काढावा असं जे जुनं शास्त्र आहे ते यामुळे.

ऑपरेशनमध्ये काय करतात

सगळ्यात आधी कपाळावर पेनने खूण करतात, कुठला डोळा ते. सिस्टरने दादाला स्वतःच्या तोंडाने बोलायला लावलं, डावा, आणि मग बाण काढला. त्या बाणाकडे बघून मावशीच्या डोळ्यात पाणी आलं, पण मला त्या बाणानेच धीर आला.

अख्खा काढताना बुबुळाभोवतीची वरची पातळ त्वचा गोल कापतात, एकेक स्नायू हुकने उचलून दोऱ्यात अडकवून बाजूला ठेवतात, कारण ते परत लागणार असतात. मग मागची नस कापतात. मुलांच्या कॅन्सरमध्ये ही नस जितकी लांब कापता येईल तितकी कापतात, कारण रोग त्याच रस्त्याने मेंदूकडे सरकतो. स्नायू ओढले की काही जणांच्या हृदयाचे ठोके एकदम मंदावतात, ते माहीत असलेलं आहे, भूल देणारे डॉक्टर त्यासाठीच मॉनिटरवर नजर ठेवून असतात. साधारण तास-दीड तासाचं काम.

पहिली वस्तू: आतला बॉल

आता मूळ प्रश्नावर येऊ. ‘डोळा बसवला’ म्हणजे एक नाही, दोन वेगळ्या वस्तू, वेगळ्या वेळी, वेगळ्या माणसांनी बसवलेल्या. हे एकदा डोक्यात शिरलं की बाकी सगळं सोपं जातं.

पहिली वस्तू कुणाला कधीच दिसत नाही. डोळा काढल्यावर जी जागा रिकामी झाली ती भरायला सर्जन एक गोळा ठेवतात, तो इम्प्लांट. बहुतेक वेळा त्याच ऑपरेशनमध्ये, आत जंतूंचा जोर असेल तर कधी नंतर. आतलं काढलं असेल तर तो त्या अभ्र्यात जातो, अख्खा काढला असेल तर सोडवून ठेवलेले स्नायू त्याच्यावर किंवा त्याच्या भोवती शिवतात. वरून थरावर थर शिवून तो पूर्ण बंद.

ही कल्पना जुनी आहे. म्युल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८८५ च्या सुमारास पहिल्यांदा डोळ्याच्या पांढऱ्या कवचात काचेचा पोकळ गोळा ठेवला. पुढे खूप काही वापरून झालं. आज एका बाजूला ॲक्रिलिक आणि सिलिकॉनचे गुळगुळीत गोळे आहेत, स्वस्त आणि आपल्याकडे भरपूर वापरात असलेले. दुसऱ्या बाजूला जाळीदार गोळे, समुद्रातल्या प्रवाळापासून केलेले, १९८० च्या दशकात आले, किंवा सच्छिद्र प्लॅस्टिकचे. जाळीतून शरीराच्या रक्तवाहिन्या आत शिरतात, भिंतीच्या फटीत पिंपळाची मुळं शिरावीत तशा, आणि गोळा जागेवर पक्का होतो. महाग म्हणजे चांगला असं मात्र समजू नका. गुळगुळीत गोळा कधी कधी जागा सोडतो, तर जाळीदार गोळ्याचा पृष्ठभाग खरबरीत असल्याने वरची त्वचा घासून तो उघडा पडायची शक्यता असते. हात चांगला बसलेला सर्जन स्वस्त गोळ्यानेही छान काम करतो, तेव्हा ‘सगळ्यात भारी टाका’ म्हणण्यापेक्षा ‘तुम्ही नेहमी कुठला वापरता’ हे विचारा.

मग गोळा २४ मिलिमीटरचाच का नाही ठेवत? कारण बाहेरच्या नकली डोळ्यालाही जागा हवी. गणित बघा, ७ मिली गेले, २० मिलिमीटरचा गोळा ठेवला तर साधारण ४.२ मिली भरले, २२ चा ठेवला तर साधारण ५.६. उरलेले दोनेक मिली बाहेरच्या डोळ्याने भरायचे. गोळा फार मोठा ठेवला तर शिवणीवर ताण येतो आणि ती उसवते. फार छोटा ठेवला, किंवा ठेवलाच नाही, तर वरच्या पापणीच्या वर खोल खड्डा पडतो, आणि तो भरायला बाहेरचा डोळा जाड, जड करावा लागतो, मग त्या वजनाने खालची पापणी वर्षागणिक लोंबत जाते. खूप वर्षांपूर्वी डोळा काढलेली काही वयस्कर माणसं आपण बघितली असतील, खोल गेलेला, वाकडा दिसणारा डोळा, त्यात बऱ्याचदा हेच झालेलं असतं. तेव्हा ऑपरेशनच्या आधी विचारायचा सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच, आत गोळा ठेवणार का आणि केवढा.

गोळा बसत नसेल किंवा बाहेर आला असेल तर कमरेच्या खालच्या भागातून त्वचेखालची चरबी काढून तीही भरतात. लहान मुलांमध्ये तिचा एक फायदा असा की ती मुलाबरोबर वाढू शकते.

पट्टी काढली की खड्डा दिसतो का?

मावशीला सगळ्यात जास्त भीती याची होती. ड्रेसिंग उघडायच्या दिवशी ती बाहेरच थांबली. मी आत होतो. खड्डा नव्हता, भोक नव्हतं, रक्त नव्हतं. पापण्या सुजलेल्या, आणि त्यांच्या मागे गालाच्या आतल्या बाजूला असते तशी ओलसर गुलाबी त्वचा, त्यावर बारीक टाके. त्या त्वचेवर एक पारदर्शक प्लॅस्टिकची चकती ठेवतात, कन्फॉर्मर म्हणतात, पापण्यांमागची जागा आक्रसू नये म्हणून. मी बाहेर जाऊन मावशीला हात धरून आत आणलं.

ती चकती घरी कधी निसटते. घाबरायचं नाही, स्वच्छ ठेवायची आणि डॉक्टरांना फोन करायचा, पण आठवडा आठवडा तशीच बाहेर ठेवायची नाही. पहिले दोन-तीन दिवस डोकं जड होतं, मळमळतं. गेलेल्या डोळ्यापुढे काही लोकांना उजेड, रंग चमकल्यासारखे दिसतात, किंवा तिथे खाजल्यासारखं वाटतं. पाय कापलेल्या माणसाला पाय दुखतो म्हणतात ना, तसंच हे, मेंदूला अजून सवय झालेली नसते. वेड लागलं असं नाही. दादाने हे कुणाला सांगितलं नव्हतं, तीन आठवड्यांनी मला हळूच सांगितलं.

दुसरी वस्तू: बाहेरून दिसणारा डोळा

सूज उतरली की, म्हणजे साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, वरचा डोळा बनवतात. हा गोल नसतो, वाटीसारखा, जाडसर शिंपल्यासारखा असतो, त्या गुलाबी त्वचेवर पापण्यांमागे बसतो. लोक काचेचा डोळा म्हणतात पण आता तो ॲक्रिलिकचा असतो. काचेचे चांगले डोळे जर्मनीत व्हायचे, दुसऱ्या महायुद्धात ते मिळेनासे झाले तेव्हा अमेरिकेत कवळी बनवणाऱ्या दंतवैद्यकाच्या लोकांनी कवळीच्याच प्लॅस्टिकचा डोळा करून बघितला, आणि तोच पुढे सगळीकडे रुळला. म्हणूनच त्याची मापं घ्यायची रीतही कवळीसारखी वाटते.

तयार साइजमधला डोळा मिळतो, पण मापाचा करून घेणं कितीतरी चांगलं. आधी पापण्यांमागे पातळ लगदा भरून साचा घेतला, दोन-तीन मिनिटांत तो घट्ट झाला. त्यावरून मेणाचा नमुना, तो बसवून पापणी किती उघडते ते बघणं, परत खरवडणं. मग दादाला खिडकीशी बसवलं, ट्यूबलाइट बंद केली, आणि त्याच्या चांगल्या डोळ्याकडे बघत बघत बारीक ब्रशने बुबुळ रंगवायला घेतलं. मला काळा डोळा म्हणजे काळा वाटायचा. तिथे कळलं की दादाच्या डोळ्यात कडेला राखाडी कडा आहे, मध्ये गडद तपकिरी, आणि बाहुलीच्या भोवती थोडा मधासारखा रंग. पांढऱ्या भागात उन्हात काम करणाऱ्या माणसाचा पिवळेपणा घातला, आणि शिरा म्हणून लाल रेशमाचे इतके बारीक धागे पसरले की नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसावेत. चाळीस वर्षं सोबत राहून मी माझ्या भावाचा डोळा इतक्या जवळून पहिल्यांदा बघत होतो.

“फिरतो का तो? लोकांना कळतं का?”

फिरतो, पण पूर्ण नाही. आतला गोळा स्नायूंबरोबर हलतो, त्याच्यावरची त्वचा हलते, आणि तिच्यावर बसलेला बाहेरचा डोळा हलतो. समोर बोलताना फरक फारसा कळत नाही, अगदी कडेला बघितलं की मागे राहतो. मग दादा मान वळवायला शिकला. गोळ्याला भोक पाडून खुंटीने बाहेरचा डोळा जोडायची पद्धतही होती, हालचाल जास्त यायची, पण जंतू आणि पू व्हायचा त्रास वाढला म्हणून आता ती क्वचितच करतात.

रोज काढून ठेवायचा नसतो, झोपताना आणि आंघोळीलाही आतच राहतो. हात साबणाने धुवून कधीतरी काढायचा, सौम्य साबण आणि पाण्याने धुवायचा. स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावायचं नाही, ॲक्रिलिकला तडे जातात. वर्षातून एकदा पॉलिश करून घ्यायचा आणि साधारण पाच वर्षांनी नवा, मुलांना त्याआधीच, कारण चेहरा वाढतो. चिकट घाण सतत येत असेल, रक्त येत असेल, किंवा आतून गोळ्याचा पांढरा भाग दिसत असेल तर वाट बघू नका.

“नेत्रदानाचा डोळा का नाही बसवत?”

ओट्यावर हे चार जणांनी तरी विचारलं, आणि प्रश्न चुकीचा नाही. आपण ऐकतो एवढंच, की मेल्यावर डोळे दिले आणि कुणाला तरी दृष्टी मिळाली. पण नेत्रदानातून पेशंटला जातो तो अख्खा डोळा नसतो, फक्त बुबुळावरची पारदर्शक काच जाते. घड्याळाची वरची काच बदलावी तसं, आतलं मशीन पेशंटचं स्वतःचंच असतं आणि ते चालू लागतं. मागे सांगितलेली नस आठवा. ती एकदा कापली की दहा लाखांहून जास्त तंतू परत मेंदूशी जोडता येत नाहीत, अजून तरी कुणाला जमलेलं नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चेहऱ्याच्या भागासकट एका माणसाला अख्खा डोळा बसवला, जगात पहिल्यांदा, डोळा जिवंत राहिला, रक्तपुरवठा झाला, पण त्यातून दिसलं नाही. म्हणून दादाच्या डोळ्यात काही कुणाचा डोळा बसू शकत नव्हता. फूल पडलेल्या पण आतून शाबूत असलेल्या कितीतरी डोळ्यांना मात्र नेत्रदानाचा खरा उपयोग होतो, त्यामुळे यावरून कुणी फॉर्म मागे घेऊ नका.

“एवढ्याशा लेकराचा डोळा कसा काढू द्यायचा?”

बाहेरच्या बाकावर आमच्या शेजारी दिंडोरीकडची एक बाई बसायची, दोन वर्षांचं मूल मांडीवर. तिच्या सासरचे म्हणत होते अजून दोन ठिकाणी दाखवू, झाडपाला करून बघू. लहान मुलांच्या डोळ्याच्या कॅन्सरला रेटिनोब्लास्टोमा म्हणतात, बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एका डोळ्याची बाहुली लाल किंवा काळी न दिसता पांढरी चमकते, मांजराच्या डोळ्यासारखी, किंवा डोळा तिरळा दिसायला लागतो. असं दिसलं तर त्याच आठवड्यात डोळ्याच्या डॉक्टरकडे. लवकर सापडला तर केमो, लेझर वगैरेंनी डोळाही वाचतो. उशीर झाला की डोळा काढावा लागतो, आणि आणखी उशीर झाला की मूल जातं. रोग डोळ्याच्या आत असेपर्यंत काढला तर बहुतेक मुलं बरी होतात, शाळेत जातात. आत गोळा ठेवणं मुलांमध्ये आणखी गरजेचं असतं, कारण खोबणीचं हाड आतल्या गोळ्याच्या दाबानेच वाढतं, रिकामी राहिली तर चेहऱ्याची ती बाजू लहान राहते. आणि आजार काही वेळा घराण्यातून येतो म्हणून भावंडांचे डोळेही तपासायचे.

एका डोळ्याने जगणं

उरलेल्या डोळ्यावर ताण येऊन तोही जाईल ही भीती खोटी आहे, वापरल्याने डोळा झिजत नाही. पण अंतराचा अंदाज बिघडतो, कारण दोन डोळ्यांची दोन चित्रं जुळवून मेंदू खोली ठरवतो. पहिले काही महिने दादा चहा कपाच्या बाहेर ओतायचा, जिन्याची शेवटची पायरी चुकायची. मग त्याने किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवून ओतायची सवय लावली. हळूहळू मेंदू सावल्यांवरून, वस्तूच्या आकारावरून अंदाज शिकतो. मन्सूर अली खान पतौडींची उजव्या डोळ्याची दृष्टी १९६१ मध्ये अपघातात गेली आणि पुढच्याच वर्षी ते २१ व्या वर्षी भारताचे कॅप्टन झाले, तेही फास्ट बॉलिंग खेळून. गेलेल्या डोळ्याच्या बाजूने येणारं माणूस, गाडी दिसत नाही, म्हणून घरच्यांनी त्या बाजूने अचानक येऊन दचकवू नये आणि चालताना आपण त्या बाजूला राहावं.

सर्टिफिकेटचं सांगतो कारण त्यासाठी लोकांच्या फार चकरा होतात. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असला तर अपंगत्व ३० टक्के धरतात, आणि बहुतेक सवलतींना ४० टक्के लागतात. हे मला अन्यायाचं वाटतं, पण आत्ता नियम असा आहे, आधीच माहीत असलेलं बरं.

आणि उरलेला डोळा जपायचा, त्याला पर्याय नाही. नंबर नसला तरी कायम पॉलिकार्बोनेटचा, न फुटणाऱ्या काचेचा चष्मा. यंदाच्या छाटणीला दादाने स्वतःसाठी तो घेतलाच, शिवाय बागेत येणाऱ्या अकरा जणांना साधे प्लॅस्टिकचे गॉगल आणले. पहिल्या दिवशी घामाने धुकं धरतं म्हणून तिघांनी काढून ठेवले. दादा त्यांना काही बोलला नाही, जवळ जाऊन उभा राहिला आणि स्वतःचा चष्मा काढला. तिघांनीही गॉगल परत घातले.